लांबची मीटिंग

"जवळची नको, लांबची सांगा," भीमराज फोनवर म्हणाला.

पलीकडचा माणूस जरा अडखळला. दारू सोडण्यासाठी फोन करणारे लोक रडतात, शिव्या घालतात, मित्रासाठी विचारतोय म्हणून सांगतात, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण मीटिंग घरापासून लांब पाहिजे असा हट्ट धरणारा हा पहिलाच.

"तुम्ही राहता कुठं?"

"दिघीला."

"मग दिघीतच आहे की एक. शाळेच्या मागच्या..."

"तीच नको."

"बरं, भोसरी?"

"भोसरीत माझे तीन स्टॉप हायेत."

स्टॉप कसले ते त्या माणसाला कळलं नाही आणि भीमराजनं सांगितलं नाही. भीमराज कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. दिघीतून निघायचं, भोसरी, मोशी असं करत माणसं गोळा करायची, चाकणला कंपनीच्या गेटात सोडायची आणि सुटलेली शिफ्ट भरून परत आणायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळं त्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना तो ओळखायचा, आणि तेही आरशातून. कोण बसल्याबरोबर घोरतो, कोण कुणाशेजारी बसायला धडपडतो, ओव्हरटाइम नाकारल्यामुळं कोण तोंड पाडून बसलाय, सगळं त्याला डोक्यावरच्या आरशात दिसायचं. लोकांना मात्र भीमराज म्हणजे एक पाठ आणि एक मान. पण ती मान ते शंभर माणसांत ओळखतील, अशी त्याची खात्री होती.

हा फोन नंबर त्याला मिळाला त्याचीही गंमतच आहे. त्याच्याच बसच्या मागच्या काचेवर कुणीतरी कधीकाळी एक पिवळा स्टिकर चिकटवला होता. 'दारू सोडायची आहे? फोन करा.' भीमराज तो स्टिकर घेऊन दिघी ते चाकण रोज ये-जा करत होता. मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्यानं आणि रिक्षावाल्यानं तो वाचला असणार. वाचला नव्हता तो एकट्या भीमराजनं, कारण तो पुढं बसायचा. एकदा बस धुवायला घेतली तेव्हा कुठं तो त्याच्या नजरेस पडला, आणि तेव्हाही आधी त्यानं तो नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला.

खरं सांगायचं तर भीमराज स्वतःला दारुडा समजतच नव्हता. जो स्टिअरिंगला हात लावण्याआधी पितो तो दारुडा, अशी त्याची व्याख्या होती. आपण ड्युटी संपल्यावर पितो. ओव्हरटाइम झाला म्हणून पितो, ओव्हरटाइम मिळाला नाही म्हणून पितो. बसनं त्रास दिला म्हणून पितो, आणि बस दिवसभर गुणाची चालली तर त्या आनंदात पितो. स्टिअरिंगचा मान मात्र राखतो. या व्याख्येवर तो बरीच वर्षं सुखानं जगला.

मग एका पहाटे त्याला जागच आली नाही. पहिल्या शिफ्टची माणसं दिघीपासून मोशीपर्यंत डबे हातात घेऊन स्टॉपवर ताटकळत राहिली. बसच्या कॉन्ट्रॅक्टरनं फोनवर त्याला असं काही सुनावलं की कान लाल झाले. आणि त्या अपमानावर उतारा म्हणून संध्याकाळी भीमराज नेहमीपेक्षा जास्त प्याला. आहे की नाही अक्कल!

त्या रात्री त्याची बायको शालन भांडली नाही. हेच वाईट होतं. भांडली असती तर दोन-चार वाक्यांत मिटलं असतं, त्याची दोघांनाही सवय होती. तिनं कपाटावरची चौकड्याची पिशवी खाली काढली, तिच्यात चार साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवला, चेन लावली आणि पिशवी परत कपाटावर ठेवून दिली.

"आता एकदा जरी वास आला," ती म्हणाली, "तर मी दीक्षाकडं, मारुंजीला. न्यायला यायचं न्हाई."

दीक्षा त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन मारुंजीत भाड्यानं राहत होती आणि आईसाठी एक खोली रिकामी ठेवून बसली होती. म्हणजे ही नुसती धमकी नव्हती.

वास घ्यायची शालनची एक पद्धत होती. खाली स्कूटरचा आवाज आला की ती पाण्याचा पेला घेऊन दारात येऊन उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, किती अगत्याची बाई! पेला हातात देताना ती अर्धं पाऊल पुढं सरकायची आणि नाकानं काम उरकून घ्यायची. भीमराजला हे माहीत होतं, म्हणून तो तोंड वळवून पाणी प्यायचा. त्याला माहीत आहे हे शालनलाही माहीत होतं. तरी दोघं रोज हा खेळ न चुकता खेळायचे.

पिशवी कपाटावर गेल्यापासून वास आला नव्हता. पण भीमराजचं भीमराजला ठाऊक. बस लावून घरी निघाला की मॅगझिन चौकापाशी स्कूटर आपसूक डावीकडं, परमिट रूमकडं झुकायची. तो दातओठ खाऊन हँडल सरळ धरायचा. रोज थोडा जास्त जोर लागत होता. एखाद्या संध्याकाळी हँडल हातातून सुटणार आणि शालन जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. एकट्याच्यानं हे निभायचं नाही, कुणाजवळ तरी जाऊन बसलं पाहिजे, एवढं त्याला पटलं होतं. फक्त ते कुणी आपल्याला ओळखणारं नसावं.

तर दिघीची मीटिंग नको म्हणण्याचं कारण असं, की तिथं तो आधीच जाऊन आला होता. म्हणजे गेटपर्यंत. आत पटांगणात नवनाथ चहा ओतत उभा होता. नवनाथ कंपनीत क्वालिटीला, आणि भीमराजच्या बसमध्ये डाव्या बाजूची पहिली सीट त्याची ठरलेली. भीमराजनं स्कूटर न थांबवता वळवली. दुसऱ्या वेळी गेला तर पुन्हा नवनाथ, पुन्हा किटली. हा काय तिथं राहायला आहे की काय, असं म्हणत भीमराज पुन्हा वळला. ड्रायव्हर दारूच्या मीटिंगला जातो हे बसमध्ये कळलं, की पुढच्या प्रत्येक ब्रेकला मागून आवाज येणार, "भाऊ, आज किती झाली?"

आता बघा, हा माणूस परमिट रूमच्या दारात चारचौघांत डोलत उभा राहायला कधी लाजला नव्हता. न पिण्यासाठी चारचौघांत बसायला मात्र त्याला लाज वाटत होती. अशा माणसाला काय म्हणावं?

मग तो मारुंजीला गेला. लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग होती, आणि तिथल्या आयटी कंपन्यांतल्या लोकांत आपल्याला कोण ओळखणार असा त्याचा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला. सगळी पोरं त्याच्या निम्म्या वयाची, प्रत्येकाच्या पायाशी लॅपटॉपची सॅक. भीमराज थेट ड्युटीवरून आलेला, अंगात खाकी. प्रज्वल नावाचा एक पोरगा अदबीनं पुढं आला. "काका, आत या ना. पहिलीच मीटिंग का?"

"न्हाई न्हाई," भीमराज घाईनं म्हणाला. "मी ड्रायव्हर हाय. साहेबांना न्यायला आलोय."

"कोणत्या साहेबांना?"

"ते... सांगायचं नसतं ना तुमच्यात?"

प्रज्वलला हे इतकं पटलं की त्यानं भीमराजला दाराबाहेर खुर्ची दिली, वर ग्रीन टी आणून दिला. दूध नाही, साखर नाही. भीमराज तो औषधासारखा घोट घोट घेत दाराशी कान लावून बसला. आतलं निम्मं इंग्रजी होतं. एकजण बाउंड्रीचा प्रॉब्लेम सांगत होता, तो भीमराजला बराच वेळ शेताच्या बांधाचा वाटला. पण मग दुसरा एक पोरगा म्हणाला, "ऑफिस सुटलं की मी ठरवतो, सरळ घरी जायचं. आणि बाइक आपोआपच वळते, यार." भीमराजच्या हातातला कप थबकला. हा तर मॅगझिन चौक! त्याला आत जाऊन त्या पोराचा हात धरावासा वाटला. पण तो साहेबांना न्यायला आलेला ड्रायव्हर होता. मीटिंग सुटली, सगळे साहेब आपापल्या बाइकवर बसून गेले आणि प्रज्वल हळहळत म्हणाला, "काका, तुमचे साहेब आलेच नाहीत वाटतं."

"पुढच्या खेपेला येतील," भीमराज म्हणाला.

तर असं होऊन त्यानं फोनवर लांबची मीटिंग मागितली, आणि पलीकडच्या माणसानं कंटाळून पिंपळे गुरवचं नाव घेतलं. रविवारी दुपारी, महापालिकेच्या शाळेत. भीमराजनं मनातल्या मनात सगळे स्टॉप, सगळे पाहुणे, शालनच्या माहेरची सगळी माणसं फिरवून बघितली. पिंपळे गुरवला कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

रविवारी त्यानं घरात सांगितलं, "कंपनीचं स्पेशल शेड्यूल हाय. यायला संध्याकाळ होईल." खोटं पक्कं दिसावं म्हणून खाकी चढवली, बिल्ला लावला. एकेकाळी ड्युटी आहे सांगून हा माणूस प्यायला जायचा. आता ड्युटी आहे सांगून न पिण्यासाठी निघाला होता, आणि चेहरा मात्र तेवढाच चोरटा. शालननं त्याच्याकडं एकदा बघितलं. तीही पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघाली होती. रविवारी हल्ली ती विहारात बराच वेळ रमायची.

शाळेत लांब व्हरांडा होता आणि दोनच वर्ग उघडे होते. पहिल्या वर्गाच्या दाराशी पाठमोरा एक माणूस किटलीतून चहा गाळत होता. भीमराज त्याच्या बाजूनं आत सरकणार, एवढ्यात तो माणूस वळायला लागला, आणि भीमराजला नाकाची बाजू दिसली. नवनाथ! दिघीतला, किटलीवाला, डाव्या बाजूच्या पहिल्या सीटवरचा नवनाथ! भीमराजनं पुढचा-मागचा विचार न करता शेजारच्या वर्गात उडी घेतली.

आत दहा-बारा बायका लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसल्या होत्या. भीमराजला वाटलं, बचत गट असेल. दोन मिनिटं थांबू, नवनाथ आत गेला की पळू. पण समोर शिक्षकांच्या टेबलापाशी बसलेल्या बाईंनी, सुमनताई त्यांचं नाव, त्याला बघून हात जोडले.

"या भाऊ, या. पुरुषमाणूस आमच्यात क्वचितच येतो. लाजू नका. शेजारच्या वर्गात पिणारे बसतात, इथं आपण त्यांच्या घरचे. त्यांच्यापायी आपल्या जिवाची जी दैना झाली ती बोलायची ही जागा. इथलं बोलणं इथंच राहतं. कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही."

भीमराज उठला. दारावरून नवनाथ किटली घेऊन गेला. भीमराज बसला. पुन्हा उठला, तर नवनाथ रिकामी किटली घेऊन परत येत होता. सुमनताईंना वाटलं, बिचारा किती अस्वस्थ आहे.

"पुढं या, इथं पहिल्या बाकावर," त्या मायेनं म्हणाल्या. "बोलावंसं वाटलं तर बोला. मोकळं वाटेल."

पहिल्या बाकावर बसल्यावर एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळी माणसं भीमराजच्या पाठीमागं गेली. पाठीमागं माणसं बसली की त्याला नेहमीच बरं वाटायचं, अंगात एक प्रकारचा निवांतपणा यायचा. समोर फक्त सुमनताई होत्या आणि भिंतीवर फळांचा तक्ता. काहीतरी दोन शब्द बोलून सुटावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"माझी बायको पिते," भीमराज म्हणाला.

मागून 'अगं बाई' असे चार-पाच आवाज आले. गाडी घाट उतरायला लागली होती, आता रिव्हर्स पडणार नव्हता.

"कामाला जाते ती. चाकणला. संध्याकाळी येते तेव्हा खाली स्कूटरवरच बराच वेळ बसून राहते. ओवा चावत. तिला वाटतं, ओव्यानं कळत न्हाई." मागं कुणीतरी उसासा टाकला. "मी वर गॅलरीत असतो. स्कूटरचा स्टँड एका फटक्यात लागला तर दिवस बरा. दोनदा खडखडला तर थोडी घेतलीय. तिसऱ्यांदा खडखडला की मी उठतो आणि भात झाकून ठेवतो. कारण मग जेवण व्हायचं नसतं."

हे आपल्याला कसं ठाऊक, ते भीमराजला कळेना. शालननं हे कधीच सांगितलं नव्हतं. पण भात झाकलेला असायचा. रोज नव्हे, बरोबर त्याच दिवशी.

मागं दार कुरकुरलं, उशिरा आलेलं कुणीतरी शेवटच्या बाकावर बसलं. भीमराजला ते ऐकूही आलं नाही.

"मग मी पाणी घेऊन दारात जातो. पाणी आपलं निमित्त. वास घ्यायचा असतो. ती तोंड वळवून पिते. ती वळली की मला कळायचं ते कळतं, पण मी म्हणत न्हाई काही. रोज जातो. मला वाटतं, ज्या दिवशी मी पाणी घेऊन जायचं बंद करीन, त्या दिवशी आमचं संपलं."

सुमनताईंनी चष्मा काढून पुसला.

"आणि खोटं किती बोलायचं माणसानं! जयंतीच्या मिरवणुकीला सजवलेली गाडी चालवायचा मान तिचा. वर्षानुवर्षं. गाडी चौकात उभी, पोरं खोळंबलेली, आणि ही घरात पालथी. मी खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, ताप आलाय. पाहुण्यांच्या लग्नात ताप. लेकीच्या बारशाला, म्हणजे लेकीच्या साखरपुड्याला ताप. सगळ्या नातेवाइकांत ती तापानं बदनाम झालीय."

"आमच्याकडं पण तापच असतो," मागून एक आवाज आला.

"आमच्या ह्यांना पाळीचा ताप, शनिवारी येतो," दुसरी म्हणाली, आणि बायका हसल्या. एकीनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "बायको मिरवणुकीची गाडी चालवती म्हणे." भीमराजही हसला, आणि हसता हसता थांबला. चौकातल्या त्या पोरांसमोर शालन कशी उभी राहिली असेल, कोणत्या तोंडानं बोलली असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी तो पालथा होता ना!

"एवढंच," तो म्हणाला. "एवढंच हाय."

"एक विचारू का, भाऊ?" शेवटच्या बाकावरून आवाज आला.

भीमराजची नजर झटकन वर, आरसा असतो तिथं गेली. आरसा नव्हता. फळांचा तक्ता होता, आंबा, केळं, सीताफळ.

"शालनबाई, इथं प्रश्न विचारत नसतात," सुमनताई म्हणाल्या.

"ठाऊक हाय ताई. वर्ष होत आलं मला येऊन. पण एकच विचारते." आवाज नेहमीचा होता, घरात मीठ जास्त झालं का विचारतानाचा. "एवढं सगळं झालं, तर भाऊ, तुम्ही घर का न्हाई सोडलं?"

भीमराज वळला. शालन पांढऱ्या साडीत, मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. रागावली आहे की हसतेय ते काही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला ते कधी कळलंच नव्हतं म्हणा.

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. स्टँडचा आवाज त्याला सांगता आला होता, झाकलेला भात सांगता आला होता, पाण्याचा पेला सांगता आला होता. तिच्या बाजूचं सगळं तो धडाधड बोलून गेला होता. पण या एका प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. ही बाई आजवर का थांबली? चौकड्याची पिशवी इतकी वर्षं रिकामी कशी राहिली? त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"ते मला माहीत न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. मग सुमनताईंकडं वळून म्हणाला, "ताई, मी खोटं बोललो. माझी बायको पीत न्हाई. पिणारा मी हाय. सोसणारी ती, तिकडं बसलीय."

खिडकीजवळच्या गोजाबाई, सगळ्यांत वयस्क, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तरीच! मला मगाधरनं वाटतंय, ह्यो ओवा म्या कुठंतरी ऐकलाय." आणि मग जो हशा पिकला तो आवरेना. शालन मात्र हसली नाही. ती उठून पहिल्या बाकापाशी आली.

"मलाबी माहीत न्हाई," ती म्हणाली. "का थांबले ते. तेच शोधायला तर दर रविवारी दोन बस बदलून येते मी. दिघीत गेले असते, पण तिथं सगळे ओळखतात. म्हटलं लांब जावं."

भीमराज अवघडत बाकावरून उठला.

"तुमची मीटिंग शेजारच्या वर्गात हाय," ती म्हणाली. "जा. उशीर झाला तरी घेतात."

शेजारच्या वर्गाच्या दारात नवनाथनं त्याच्या हातात चहाचा कप ठेवला. दूध, साखर, आलं, सगळं व्यवस्थित.

"या ड्रायव्हरसाहेब. केवढा लांबचा फेरा मारला! दिघीला गेटवरनं वळताना दोनदा बघितलं तुमाला."

"मग हाक का न्हाई मारली, राव?"

"हाक मारली असती तर तुमी थेट मोशी गाठली असती. म्हटलं, येईल कधीतरी. शिफ्ट बदलली की मीबी मीटिंग बदलतो, कुठंतरी गाठ पडणारच होती."

"बसमधी कुणाला..."

"इथलं इथंच. आन बसचं म्हणाल तर जरा आत बघा."

भीमराजनं आत बघितलं. तिसऱ्या रांगेतून मोशीच्या स्टॉपचा, बसल्याबरोबर घोरणारा गडी त्याला हात करत होता. त्याच्या शेजारी पेंट शॉपमधला एकजण. आरशात इतकी वर्षं बघून भीमराजला वाटायचं, आपल्याला या माणसांचं सगळं ठाऊक आहे. तो आत जाऊन त्यांच्या मधोमध बसला. पाळी आली तेव्हा उभा राहिला, आणि या वेळी माणसं पाठीमागं नव्हती, समोर होती. "माझं नाव भीमराज. मी दारुडा हाय," तो म्हणाला. पुढचं काही सुचलं नाही, पण तेवढं चाललं.

दोन्ही मीटिंगा एकाच वेळी सुटल्या. शालन फाटकाशी स्कूटरजवळ थांबली होती.

"स्पेशल शेड्यूल लवकर सुटलं आज," ती म्हणाली.

"विहारात गर्दी व्हती का?" भीमराजनं विचारलं.

त्यावर मात्र ती हसली. स्कूटरवर मागं बसली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मॅगझिन चौक आला तेव्हा स्कूटर डावीकडं झुकली की नाही, हे भीमराजला कळलंच नाही, कारण मागून शालन सांगत होती की त्यांच्यातल्या बायकांना त्याची बायको फार आवडली, पुढच्या रविवारी तिलाही घेऊन या म्हणतात.

घराखाली त्यानं स्टँड लावला. जपून, एका फटक्यात. शालन आधीच जिना चढून गेली होती. भीमराज वर आला आणि सवयीनं दारातच थांबला, मान थोडी वळवून. कुणी आलं नाही.

"शालन?"

"काय?" आतून आवाज आला.

"पाणी..."

"माठात हाय. पेला वरच पालथा घातलाय. घ्या की तुमचं तुमी."

भीमराजला आठवलं. पाणी घेऊन जायचं बंद करीन त्या दिवशी संपलं, असं आपणच तिथं बोलून आलो. त्यानं आधी कपाटावर बघितलं. चौकड्याची पिशवी तिथंच होती, भरलेली.

"ती पिशवी..."

"राहू द्या तिथंच," शालन भाजी निवडता निवडता म्हणाली. "धूळ बसू द्या जरा तिच्यावर."

भीमराज स्वयंपाकघरात गेला. माठातून पेलाभर पाणी घेतलं. मग शालनच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि तोंड न वळवता, सावकाश, ते सगळं पाणी प्याला.